शंकरप्पांची उंच वॅगन

भवानी पेठेत शंकरप्पा बिराजदारांचं तेल-पेंडीचं दुकान होतं. करडईचं तेल, शेंगतेल आणि जनावरांची पेंड, एवढाच माल. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ते गादीवर बसत आणि दिवे लागल्यावर उठत. माणूस फार कमी बोलायचा. गिऱ्हाइकाला भाव एकदाच सांगायचे, दुसऱ्यांदा विचारलं तर नुसतं बघायचे. पेठेत लोक म्हणत, सरकीतून तेल निघतं, पण शंकरप्पांच्या तोंडातून शब्द निघत नाही.

त्यांची बायको चंद्रव्वा नेमकी उलटी. तिला बोलायला माणूस नसला तर ती मांजराशी बोले, तव्यावरच्या भाकरीशी बोले. अक्कलकोटच्या पुढं, बोरी नदीच्या अलीकडं केरहळ्ळी नावाचं गाव. तिथल्या मल्लप्पाची ती एकुलती एक लेक. बाप गेला तेव्हा काळ्या रानाचा एक सलग तुकडा तिच्या नावावर आला. भाऊबंद म्हणाले, सोलापुरात बसून कशी करणार शेती, देऊन टाक आम्हाला. चंद्रव्वानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पुढच्याच शुक्रवारी पहाटेची एस.टी. धरून रानात जाऊन उभी राहिली. तेव्हापासून शुक्रवार तिचा झाला. अक्कलकोटला उतरायचं, तिथं वाटेकरी धुळाप्पा बैलगाडी घेऊन थांबलेला असायचा, मग गाडीवाटेनं धक्के खात रानात. संध्याकाळी परत यायची तेव्हा ओटीत वांगी, मिरच्या, आणि तोंडात रानाची सगळी हकिकत. पिकाच्या कोणत्या तासावर, म्हणजे ओळीवर, पक्षी जास्त बसतात, रानातल्या बोरीला यंदा किती बोरं आहेत, तांबड्या बैलाचा खूर कसा दुखतोय, सगळं. शंकरप्पा जेवत जेवत ‘हं’ म्हणत. त्या जमिनीला ते ‘तुझी माती’ म्हणायचे. ‘तुझ्या मातीत पाऊस झाला का?’ यापुढं त्यांचा प्रश्न कधी गेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बायका-माणसं रस्त्यावर खडी फोडत होती, तेव्हाही चंद्रव्वानं शुक्रवार चुकवला नाही. दुकानातली पेंड पिशवीत भरून ती धुळाप्पाच्या बैलांना नेऊन घालायची. ते बैल जगले. दुष्काळ सरला, रान पुन्हा हिरवं झालं. आणि मग, पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, कडब्याची गंज रचून होत आली असताना ती वर चढली आणि पाय घसरून खाली आली.

खुब्याचं हाड मोडलं. बरेच दिवस दवाखाना झाला, त्याहून जास्त दिवस घरातली खाट झाली. पावसाळा लागला तेव्हा ती काठी धरून न्हाणीपर्यंत जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळलंय, पण गाडीचे धक्के आता आयुष्यात नकोत. एस.टी.तसुद्धा बसायचं नाही. बैलगाडीचं तर नावच काढायचं नाही.

त्यानंतरचा पहिला शुक्रवार चंद्रव्वानं खाटेवर काढला. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाली, “आवं, तुमी तरी जाऊन बघून या की.”

शंकरप्पा गेले. मुलगा रेवणसिद्ध दुकानावर बसला. संध्याकाळी परत आले तर चंद्रव्वा उशीला टेकून वाटच बघत होती.

“काय म्हणतंय रान?”

“बरं हाय.”

“तूर कशी हाय?”

“उभी हाय.”

“उभी हाय म्हंजे? फुटवा किती? पान कसलं हाय, काळं का पिवळं?”

शंकरप्पांनी आठवून बघितलं. त्यांना एवढंच आठवलं की तिथं बरंच हिरवं होतं. “हिरवं हाय,” ते म्हणाले.

चंद्रव्वा हसली. पुढच्या खेपेला तिनं कमी विचारलं, त्यापुढच्याला आणखी कमी. श्रावण सरता सरता तिनं विचारणंच सोडलं. शंकरप्पा केरहळ्ळीहून येत, धोतराचा चिखल धूत, जेवत. आणि समोर बसलेली बायको भाकरी मोडून देत गप्प राही. घरातला आवाजच गेला. सून जगदेवी हळू चालू लागली, मांजरही स्वयंपाकघरात येईना.

एकदा दुपारी शंकरप्पा पाणी प्यायला घरात आले. चंद्रव्वा खिडकीशी काठी धरून उभी होती. रस्त्यावर एक भाजीवाली पाटी खाली ठेवून दम खात होती. चंद्रव्वा तिला विचारत होती, “बाई, तू दक्षिणेकडची का? तिकडं परवा पाऊस झाला का गं?” बाई म्हणाली, “न्हाय आक्का, मी वैरागकडची. आमच्या तिकडं लई झाला.” चंद्रव्वानं मान हलवली आणि तरीही विचारलं, “माती कसली हाय तुमच्याकडं? काळीच का?”

शंकरप्पा पाणी न पिताच दुकानात परत गेले. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला भाव दोनदा सांगितला.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे सिद्धप्पांच्या, काळातली विलीज स्टेशन वॅगन उभी होती. धंदा जोरात असताना घेतलेली, मागं दोन बाकं, सगळं कुटुंब मावेल अशी. याच वॅगनमधून गाणगापूर झालं होतं, तुळजापूर झालं होतं, रेवणसिद्धाची वरात निघाली होती. आता तिच्यात पेंडीची रिकामी पोती पडलेली. रेवणसिद्धाचं म्हणणं होतं की देऊन टाकावी, टेंभुर्णीचा एक ठेकेदार मागतोय. शंकरप्पा ‘बघू’ म्हणत आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पोती बाहेर काढली, आतलं जाळं झाडलं, आणि दुसऱ्या दिवशी बैल लावून वॅगन ओढत अक्कलकोट रस्त्याला, लाडलेसाब मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली.

लाडलेसाब पन्नाशीचा, दाढी राखलेला, हात कोपरापर्यंत काळे. जुन्या जीपगाड्यांचा त्याला नाद होता. त्यानं वॅगनभोवती एक फेरी मारली, खाली वाकला, टायरला लाथ मारली.

“क्या करना सावकार? विकायची का?”

“शेतात न्यायची.”

“रस्ता कसा हाय?”

“रस्ता न्हाय,” शंकरप्पा म्हणाले. मग त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं इतकं सलग बोलणं केलं. अक्कलकोटपर्यंत सडक आहे. पुढं गाडीवाट आहे, तिच्यात बैलगाड्यांच्या चाकांनी मांडीएवढ्या चाकोऱ्या पडल्यात आणि मधे मातीचा उंच वरंबा राहिलाय. मग ओढा. ओढ्याला पूल नाही, काळा चिखल आहे. त्याच्या पुढं रान. आणि गाडीत बसणाऱ्या माणसाला धक्का लागता कामा नये.

लाडलेसाबनं बिडी विझवली. “असं कोण बसणार हाय गाडीत?”

“घरातली हाय,” शंकरप्पा म्हणाले. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.

काम सुरू झालं. या गाडीला पूर्वीपासून एक जादा दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही ओढ घेतात. ड्रायव्हर लोक त्याला स्पेशल गिअर म्हणत. बिराजदारांच्या घरात तो दांडा कुणी कधी ओढलाच नव्हता, कारण गाणगापूरला जायला तो लागत नाही. आता तो गंजून जाम झाला होता. शंकरप्पांनी दुकानातून डबाभर करडईचं तेल आणलं. लाडलेसाब पोट धरून हसला. “सावकार, ह्याच्यात भजी तळू या आपण. गाडीला हे नको.” त्यानं रॉकेलमध्ये सगळे भाग भिजत घातले आणि दोन-चार दिवसांनी दांडा कुरकुरत हलला.

खरी अडचण पुढं आली. गाडी उंच झाली पाहिजे, नाहीतर वाटेतल्या वरंब्यावर तिचं पोट टेकणार. उंच करायची तर कमानपाट्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांमध्ये, आणखी पाटे घालायचे, सगळे तेच करतात. लाडलेसाबनं तसे घातले. गाडी रुबाबात वर उठली. मग शंकरप्पांनी घरून पितळेची घागर आणली, काठोकाठ पाणी भरलं, मागच्या बाकावर बसून ती मांडीवर घेतली आणि म्हणाले, “चल.”

गॅरेजमागं नांगरलेलं रान होतं. लाडलेसाबनं त्यातून गाडी नेली. परत आले तेव्हा घागर अर्धी रिकामी होती आणि शंकरप्पा डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते. तसेच घरी गेले. रेवणसिद्ध दारात होता. त्यानं कोरड्या आभाळाकडं बघितलं, बापाकडं बघितलं. “आप्पा, पाऊस कुटं लागला?”

“वाटंत,” शंकरप्पा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी लाडलेसाब खाली मान घालून बसला होता. “सावकार, गाडी उंच पायजे की मऊ पायजे? एक बोला. दोनों कैसा जमताय? पाटे वाढवले की गाडी दगड होते. कमी केले की बसते.”

“दोन्ही पायजे,” शंकरप्पा म्हणाले.

“ट्रकवाले पण असं मागत न्हाईत.”

“ट्रकमधी पोती असतात.”

मिस्त्रीनं हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “आमची अम्मी शेवटी अशीच बसून होती. उचलली की ओरडायची. आम्ही मग उचलायचंच सोडलं.” एवढं बोलून तो पुन्हा गाडीखाली सरकला.

तीन-चार दिवस तो नुसता गाडीखाली पडून विचार करायचा. मग त्याला युक्ती सुचली. आजपर्यंत पाटे चाकांच्या आसाखालून बांधलेले होते. ते त्यानं सोडवले आणि आसाच्या वर बसवले. पाटा तोच, पण गाडी चांगली हातभर वर गेली. घातलेले जादा पाटे काढलेच, वर मूळचाही एक काढला. मिलिटरीच्या लिलावातले खोल नक्षीचे मोठे टायर चढवले. चिखल अडकून चाक जाम होऊ नये म्हणून मडगार्डं करवतीनं कापून रुंद केली. धूर सोडायची नळी ओढ्यात बुडू नये म्हणून वर वळवून टपाच्या बाजूनं उभी केली. ती बघून पेठेतले लोक म्हणाले, “शंकरप्पा, गिरणी काढलीत का काय? भोंगा कधी वाजणार?”

“वळणावर झुकंल ही,” लाडलेसाबनं बजावलं. “जोरात हाणायची न्हाय. आणि रान लागलं की टायरमधली हवा कमी करायची. चाक जरा बसकं झालं की चिखल धरून चालतं आणि धक्का पण खातं.”

बाक मात्र शंकरप्पांनी स्वतः केलं. मागच्या दोन बाकांपैकी एक काढून तिथं लोखंडी चौकट बसवली, तिच्यात खाटेसारखी नवार विणली, आणि ती चौकटीला घट्ट न बांधता ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी अडकवली. बसलं की नवार झुले. पुन्हा घागर भरली, पुन्हा नांगरलेलं रान झालं. या खेपेला शंकरप्पांचा नुसता सदरा ओला झाला. लाडलेसाबनं घागरीत डोकावून बघितलं आणि “बस्स,” म्हणाला.

पण गाडी इतकी उंच झाली की चढायचं कसं? एका सकाळी शंकरप्पा परसातून विटा घेऊन आले. चंद्रव्वा उंबऱ्यापाशी उभी होती. त्यांनी तिच्यापुढं एक वीट ठेवली.

“पाय ठेव हिच्यावर.”

“आँ? कशाला?”

“ठेव तर.”

तिनं भिंत धरून ठेवला. त्यांनी वर दुसरी वीट ठेवली. तिनं पुन्हा पाय उचलला. तिसऱ्या विटेला तिच्या कपाळावर आठी पडली, तशी त्यांनी ती काढून घेतली.

“काय चाललंय तुमचं?”

“न्हाणीला पायरी करायची हाय,” शंकरप्पा म्हणाले. न्हाणीला पायरी कधी झाली नाही. वॅगनच्या मागच्या दाराला मात्र दोन विटांच्या मापाच्या, दुमडून वर जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या झाल्या.

याच दिवसांत ज्वारीची पेरणी आली. शंकरप्पा केरहळ्ळीला गेले. खिशातून त्यांनी सुतळी काढली. वॅगनच्या दोन चाकांमधलं अंतर तिला गाठ मारून मोजून आणलं होतं. बांधापासून रानाच्या मधल्या बोरीच्या झाडापर्यंत ते सुतळी धरून चालत गेले. त्या बोरीखाली येळ अमावस्येला पूजा होते. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आपल्या भागातलं प्रत्येक कुटुंब रानात जेवायला जातं. कडब्याची खोप करून तीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि काळ्या आईला नैवेद्य दाखवतात. चंद्रव्वानं लहानपणापासून एकही अमावस्या चुकवली नव्हती.

“धुळाप्पा, एवढी पट्टी पेरायची न्हाय,” शंकरप्पा म्हणाले आणि सुतळीच्या दोन्ही अंगांना आणखी दोन-दोन पावलं धरून दाखवली.

धुळाप्पानं पटका मागं सारून डोकं खाजवलं. “मालक, चांगली जमीन हाय. पडीक ठेवायची?”

“ठेव.”

“आक्का चिडतील.”

“चिडू दे.”

“लई चिडतील मालक,” धुळाप्पा काळजीनं म्हणाला.

अमावस्येच्या दिवशी सकाळी वॅगन दारात आली. आदल्या दिवसापासून घरात स्वयंपाक चाललेला: तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगाच्या पोळ्या, सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी, आंबिलीचं मडकं. चंद्रव्वाला वाटत होतं, ही सगळी माणसं जाणार आणि आपण मांजराबरोबर घरी राहणार. तिनं निरोप द्यायला दारापर्यंत यायचं म्हणून काठी घेतली आणि बाहेर तो प्रकार बघितला.

“ह्यो हत्ती कुणाचा?”

“आपलीच वॅगन हाय अत्ती,” जगदेवी म्हणाली.

शंकरप्पांनी मागचं दार उघडून पायऱ्या खाली सोडल्या. चंद्रव्वानं पायरीकडं बघितलं. मग तिला विटा आठवल्या असाव्यात, कारण तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिचा हात तोंडाकडं गेला. ती पायऱ्यांवरून वर चढली. नवारीवर बसली. नवार झुलली, तशी “अव्वा!” म्हणून तिनं जगदेवीचा हात धरला आणि हसली.

लाडलेसाबकडून नुकतीच चालवायला शिकलेली गाडी शंकरप्पांनी सडकेला इतकी हळू नेली की सायकलवाले पुढं गेले. अक्कलकोटनंतर गाडीवाट लागली. वरंब्यावरून वॅगनचं पोट कुठं न टेकता निघालं. रेवणसिद्ध पुढं बसला होता, तो दर वळणाला बाहेर डोकावून म्हणे, “आप्पा, टेकंना की!” मागून चंद्रव्वा बोलत होती. कुणाचं रान कुठं संपतं, कुणी यंदा करडई जास्त केलीय, त्या विहिरीवर कुणाचं भांडण आहे. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. शंकरप्पा समोर बघत होते, पण त्यांचे कान मागं होते.

ओढ्यात मात्र घोटाळा झाला. वरच्या अंगाला कुणीतरी पाणी सोडलं होतं आणि सकाळपासून गाड्या जाऊन जाऊन चिखलाचं लोणी झालं होतं. वॅगन मध्यावर गेली, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हळूहळू एका बाजूला कलली. जगदेवीनं डोळे मिटले. काठावर बैलगाड्या थांबल्या, माणसं धोतर खोचून आत आली. सगळे चंद्रव्वाला ओळखणारे. एकजण म्हणाला, “आक्का, भिऊ नका. गावातून खाट आणतो, खाटंवर घालून चौघं उचलून नेतो.”

“मेले का काय मी, चौघांनी उचलून न्यायला?” चंद्रव्वा आतून कडाडली. माणसं हसत मागं सरली, पण तिचा आवाज जरा कापला होता. शंकरप्पांना तो ऐकू आला.

ते खाली उतरले. गुडघाभर चिखलात उभं राहून एकेका चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि काडीनं दाबून हवा सोडली. चारही चाकं बसकी झाली. मग पुन्हा वर चढून चिखलाच्या हातानं स्पेशल गिअरचा दांडा ओढला. तो बसला. पुढच्या चाकांनी चिखल धरला, सोडला, पुन्हा धरला.

“निधान री,” चंद्रव्वा मागून म्हणाली. घाबरली की ती कानडीत बोलायची. “निधान. घाई करू नका.”

“धरून बस, चंद्रव्वा,” शंकरप्पा म्हणाले.

लग्नानंतर त्यांनी बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. घरातही ‘अगं’वर भागायचं. रेवणसिद्धानं चमकून बापाकडं बघितलं. जगदेवीनं डोळे उघडले आणि पदर तोंडाला लावला. चंद्रव्वा इतकी गप्प झाली की गाडी ओढ्याबाहेर चढून कोरड्यात आली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

बांधावर धुळाप्पा उभा होता. त्यानं रामराम केला आणि लगेच आभाळाकडं बघू लागला. वॅगन बांध ओलांडून आत वळली. दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी, आणि मधून बोरीच्या झाडापर्यंत सरळ, मोकळी पट्टी.

“थांबा,” चंद्रव्वा म्हणाली.

शंकरप्पांनी गाडी थांबवली.

“धुळाप्पा! हितं पेरायची पाभर का न्हाय फिरवली?”

धुळाप्पा आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

“मी सांगितलं,” शंकरप्पा समोर बघत म्हणाले.

“का?”

“गाडी जायाला. तुला झाडापतूर जायाला.”

चंद्रव्वानं दारातून वाकून त्या पट्टीवरून नजर फिरवली. मग आवाज आला. “पेरणीच्या टायमाला सांगितलं? तवापासनं?” आणि लगेच, वरच्या पट्टीत, “आन् एवढी रुंद? हितनं काय रथ न्यायचा हाय? किती तास वाया घालवलेत माज्या बापाच्या रानातले!”

“मला नीट चालवता येत न्हाय,” शंकरप्पा म्हणाले. “ज्वारी मोडली असती.”

चंद्रव्वा हसायला लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. झाडापाशी गाडी थांबली, पायऱ्या सुटल्या. तिनं वरच चपला काढून जगदेवीच्या हातात दिल्या आणि अनवाणी पाऊल मातीवर ठेवलं. दुसरं ठेवलं. काठी रोवून उभी राहिली. कुणीच तिला धरायला गेलं नाही.

पूजा झाली. आता चरग राहिला. भाकरी, भज्जी आंबिलीत कालवून घरच्या माणसानं रानाच्या चारी कडांना शिंपडत जायचं आणि ठरलेली कानडी आरोळी ठोकायची. हे काम नेहमी चंद्रव्वा करायची, तिचा आवाज शेजारच्या तीन रानांत जायचा. आता तिनं पाटी उचलून नवऱ्यापुढं धरली.

“मी?” शंकरप्पा म्हणाले.

“मग काय धुळाप्पा? जावा. आन् हळू म्हणू न्हाय. काळ्या आईला ऐकू गेलं पायजे.”

शंकरप्पा पाटी घेऊन निघाले. बांधाच्या कोपऱ्यावर उभे राहिले. मूठभर अन्न ज्वारीत टाकलं, खाकरले आणि “हुल्लुल्लिगो,” असं कुणाला तरी भाव सांगावा तसं म्हणाले. झाडाखालून चंद्रव्वा ओरडली, “ऐकू आलं न्हाय!” त्यांनी पुन्हा केलं. “अजून!” मग काय झालं कोण जाणे, तेल-पेंडीच्या गादीवर आयुष्य काढलेल्या त्या माणसानं मान वर केली आणि छातीतून आरोळी दिली, “हुल्लुल्लिगोऽऽ!” ज्वारीतले पक्षी भुर्रकन उठले. झाडाखालून बायकोनं उत्तर दिलं, “चल्लंब्रिगोऽऽ!” त्यापाठोपाठ शेजारच्या रानातून, त्याच्या पलीकडच्या रानातून आरोळ्या उठल्या. चारी कडा होईपर्यंत शंकरप्पांचा घसा बसला. परत आले तर चंद्रव्वानं आंबिलीचा गडवा पुढं केला.

जेवणं झाल्यावर तिनं त्यांना जवळ बसवून एक कणीस वाकवायला लावलं. “हे बघा, दाणा नखानं दाबा. दूध आलं का? मग अजून हुरड्याला वेळ हाय. हे पान बघा, कडंला लाल हाय, म्हंजे खालची ओल कमी पडायला लागली.” शंकरप्पा बघत होते. अधूनमधून विचारतही होते.

तेव्हापासून शुक्रवार पुन्हा सुरू झाला, आता दोघांचा. रेवणसिद्धानं ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. चंद्रव्वाचा खुबा काही पहिल्यासारखा झाला नाही. थंडीत दुखायचा, काठी सुटली नाही. पण वॅगनच्या नवारीवर ती बसायची आणि बोलत राहायची. पुढच्या पावसाळ्यात गावात बैलगाडीही चालेना, तेव्हा धुळाप्पाची सून बाळंतपणाला त्याच नवारीवरून अक्कलकोटला गेली आणि मुलगी घेऊन त्याच नवारीवरून परत आली. शंकरप्पांनी जाता-येता दोन्ही वेळा सायकलवाल्यांना पुढं जाऊ दिलं.

त्या रुंद पट्टीचं दुःख मात्र चंद्रव्वाच्या मनातून गेलं नव्हतं. दुसऱ्या पेरणीला ती स्वतः बांधावर हजर होती. तिनं चाकांपुरत्या दोन रेघा सोडायला लावल्या आणि मधल्या जागेत हरभरा पेरायला सांगितला. धुळाप्पा म्हणाला, “आक्का, गाडी जाताना मोडंल की.” ती म्हणाली, “एवढी उंच केलीय ती कशाला? खालनं हरभरा जाईल, वरनं आपण.”

आणि तसंच झालं. माघात हरभरा घाट्यांवर आला, तरी वॅगन त्याच्यावरून जायची. चाकं आपापल्या रेघेतून, आणि पोट हिरव्या शेंड्यांना नुसतं चाटून. चंद्रव्वा दारातून वाकून खाली बघायची आणि प्रत्येक खेपेला ओरडायची, “डाव्या अंगाला जरा! डाव्या अंगाला!” शंकरप्पा आता बरेच सरळ चालवायला शिकले होते, पण तसं तिला सांगत नव्हते.

एकदा ब्रेक बघून घ्यायला त्यांनी गाडी लाडलेसाबकडं नेली. सोबत चंद्रव्वानं दिलेली हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी होती. मिस्त्री गाडीखाली सरकला आणि लगेच हसत बाहेर आला. त्याच्या हातात आसात अडकलेला हरभऱ्याचा हिरवा शेंडा होता, त्याला दोन भरलेले घाटे.

“सावकार, तुमच्या गाडीला पीक आलंय,” तो म्हणाला. एक घाटा त्यानं सोलून तोंडात टाकला, दुसरा शंकरप्पांना दिला, आणि दोघं गॅरेजच्या दारातल्या सावलीत उकिडवे बसून जुडीतले बाकीचे डहाळे सोलू लागले. हरभऱ्याची आंब बोटांना लागत होती.

“बाई कशी हाय?” लाडलेसाबनं विचारलं.

शंकरप्पांनी दाणा चावून संपवला. मग सांगायला सुरुवात केली.